अठरा दिवसांचा गंज

विजयेंद्र सर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते ऐकून लोक त्यांना उगाच शूरवीर करून सोडतात आणि मला मग राग येतो. शूरबिर काही नव्हते ते. कुत्र्याला भ्यायचे, गॅसच्या शेगडीला भ्यायचे, आणि शिक्षण खात्याकडून खाकी पाकीट आलं की त्यांची पाचावर धारण बसायची. ते पाकीट विभाबाईंनी फोडायचं, वाचायचं, "काही न्हाई हो, ट्रेनिंगचं आहे" असं दोनदा सांगायचं, तेव्हा कुठं ह्यांच्या घशाखाली चहा उतरायचा. कर्नाटकात, बिदरकडच्या कमलनगर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात ते चित्रकला शिकवत. वय छप्पन्न. पोरं त्यांना घाबरत नसत, तेच पोरांना घाबरत.

गावाचं नाव मी सांगणार नाही. रेल्वेलाइनवरचं गाव आहे, छोटं स्टेशन आहे, खताच्या आणि सिमेंटच्या गाड्या रिकाम्या करायला एक मालधक्का आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की उद्या तिथं जाऊन लोकांना छळणारे निघतील. मला माहीत आहेत ते.

तर अशा ह्या माणसाला जगात एकाच जागी भीती वाटत नसे. घरामागच्या पडवीत एक टेबल होतं, खिडकीला लावलेलं. त्या टेबलावर सर मालगाडीचे डबे बनवायचे. खेळणी म्हणू नका, त्यांना ते अजिबात चालायचं नाही. वर्तमानपत्रवाले ज्याला 'वाघीण' म्हणतात ती हुबेहूब, पण मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत मावेल एवढी. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून भिंती कापायच्या, तांब्याच्या तारेतून दाराच्या कड्या वाकवायच्या, स्टेपलरच्या पिना जोडून शिडी करायची. चाकं तेवढी बाहेरून मागवलेली. "कुत्र्याला भिणारा माणूस घरात वाघिणी पाळतोय," असं विभाबाई आल्यागेल्याला सांगायच्या आणि सर ओशाळून हसायचे.

पण डबा बनवणं हे अर्धंच काम. नवा कोरा चकचकीत डबा कुणीही करील. सरांची खरी कमाल त्यापुढची. त्या कोऱ्या डब्याला पंधरा वर्षांचं ऊन-पाऊस दाखवायचं. रंग उडाल्यासारखा दिसावा म्हणून ओलं मीठ चिकटवून वरून रंग द्यायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. तव्याखालची काजळी ब्रेकच्या धुरळ्यासाठी. आणि गंजाला बिदरची लाल माती, दोनदा मलमलीतून चाळलेली. रंगाच्या दुकानात तसला तांबूस मिळतच नाही, असं सर म्हणत, आणि एरवी कुठल्याही वादात न पडणारा हा माणूस त्या मातीवरून मात्र कुणाशीही भांडायला तयार असे.

ही विद्या त्यांना दिली हुमनाबादच्या सिद्धलिंगप्पानं. हायवेवर लॉऱ्या रंगवणारा म्हातारा. सर सुट्टीत त्याच्याकडं जाऊन बसायचे. त्यानं एकच गोष्ट शिकवली, पण ती पक्की. "सर, घाण लावायची नसते. घाण कुठून आली ते आधी बघायचं. चिखल चाकावरून वर उडतो. तेल गोल पसरतं. गंज पाण्याच्या वाटेनं खाली येतो. वाट सोडून काही होत न्हाई." तेव्हापासून सर मनाचं काही रंगवत नसत. खऱ्या एका डब्याचा फोटो समोर ठेवायचा, त्याचा अकरा आकडी नंबरसुद्धा तोच घालायचा, आणि डागाला डाग लावायचा.

आता फोटो म्हटलं की भानगड आलीच. तीन वर्षांपूर्वी सर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून उभ्या मालगाडीचे फोटो काढायले होते. एका वर्दीवाल्या जवानानं धरलं. डब्याच्या चाकांचे फोटो कामून काढायलात? नंबर कामून टिपायलात? कोण पाठवलं तुम्हाला? सरांची बोबडी वळली. मी छोटे डबे करतो, असं धड सांगताही येईना, आणि सांगितलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार होतं? दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन बंडेप्पा समोरून तीनदा गेला, ओळख असून मान खाली घालून गेला. शेवटी कागदावर लिहून घेतलं: यापुढे रेल्वेच्या हद्दीत फोटो काढणार नाही, काढल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार. खाली सही. "पुन्हा दिसलात तर शाळेला कळवू," असं सांगून सोडलं. त्या दिवशी घरी येऊन सरांनी पांघरूण घेतलं ते दुसऱ्या दिवशी दुपारीच काढलं.

तीन वर्षं त्यांनी स्टेशनाकडं पाठ फिरवली. जुन्या फोटोंवर भागवलं. आणि मग जुलैच्या नऊ तारखेला, बुधवारी, शाळेतून सायकलवर येताना मालधक्क्याच्या कुंपणाशी ती दिसली.

युरियाची गाडी रिकामी होऊन उभी होती. हमाल निघून गेले होते. पावसाची एक सर येऊन गेलेली, ऊन तिरपं पडलेलं, आणि शेवटून तिसऱ्या वाघिणीवर असा काही गंज फुललेला की सरांनी सायकलीचा ब्रेक दाबला. जुना गंज काळपट असतो, वाळलेल्या खारकेच्या रंगाचा. ह्या वाघिणीला तो होताच, पण चाकांच्या जोडीला बाजूनं धरून ठेवणारी जी ओतीव पोलादाची जाड चौकट असते, तिच्या कोपऱ्यात एक कोवळी, केशरी रेघ होती. इतकी ताजी, इतकी सुरेख, की सरांच्या तोंडून "अहाहा!" निघालं. कुंपणाला एक भगदाड होतं. त्यातून हा भित्रा माणूस आत गेला, उकिडवा बसला आणि चार मिनिटांत चाळीस फोटो काढून परत आला. सायकलवर बसायचं धाडस होईना, घरापर्यंत ती हातात धरून चालत आले. विभाबाईंना काही सांगितलं नाही.

एक छोटी वाघीण टेबलावर तयारच होती, रंग चढायचा राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून सर लागले कामाला. भिंती झाल्या, छप्पर झालं, दारावरचे खडूचे आकडे झाले. पण ती केशरी रेघ काही जमेना. फोटोत पाहून, भिंगाखाली धरून, तीन केसांच्या ब्रशानं काढली तरी खोटी दिसे. चिकटवल्यासारखी. पुसली. पुन्हा काढली. पुन्हा पुसली. शाळेत फळ्यावर कमळ काढतानाही डोक्यात तीच रेघ. "हात गेला माझा," ते विभाबाईंना म्हणाले, "वय झालं." विभाबाई म्हणाल्या, "हात कुठं जायलाय, जेवायला बसलात की बरोबर चालतो."

असे अठरा दिवस गेले. सत्तावीस तारीख, रविवार. सकाळचे साडेदहा झाले असतील. सर पाचव्यांदा ती रेघ काढत होते. आणि ह्या वेळी, का कोण जाणे, त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि सिद्धलिंगप्पानं सांगितलं होतं तसं स्वतःला विचारलं: ही घाण आली कुठून?

वर पाणी साचायला जागा नाही. रेघ वरून खाली येत नाही. कोपऱ्यातून निघून तिरपी वर जाते, आतल्या बाजूला वळते. पाणी वर चढत नाही. मग गंज वर कसा चढला? त्यांनी फोनवरचा फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. रेघेच्या मधोमध केसाएवढी काळी फट होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना केशरी पूड सांडलेली. डाग नव्हे, पूड. हुमनाबादला एका लॉरीच्या चॅसिसखाली बोट घालून तसलीच पूड सिद्धलिंगप्पानं त्यांना दाखवली होती. "लोखंड लोखंडाला खायलंय, सर. ही लॉरी आता घाट चढायची न्हाई," असं म्हणून त्यानं मालकाला परत पाठवलं होतं, रंग न लावता.

सरांनी फोन टेबलावर ठेवला. रेघ खोटी दिसत होती कारण ती गंजाची रेघ नव्हतीच. चौकट तडकली होती. भरल्या वाघिणीचं शेकडो क्विंटल वजन ज्या पोलादावर बसतं ते तडकलं होतं, आणि अठरा दिवस हे त्या तड्याला भिंगाखाली धरून, जीभ दाताखाली दाबून, सुरेख करत बसले होते.

  विभाबाई पडवीत आल्या तर हे खुर्चीत आणि चेहरा पांढराफटक.

"अहो, काय झालं? छातीत दुखायलंय का?"

"विभा, माझं रंगवायचं चुकलं न्हाई," सर म्हणाले. "डबाच मोडलाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुंपण, भगदाड, चाळीस फोटो, सगळं. ऐकता ऐकता विभाबाई खाली बसल्या. ती वाघीण आज कुठं असेल ह्याचा पत्ता नाही. देशात कुठंही असेल. रिकामी असेल, भरलेली असेल, कुठल्या तरी पुलावर असेल. शेजारच्या रुळावरून माणसांनी भरलेली गाडी जात असेल.

"मग स्टेशनात जाऊन सांगा की," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? कुठं पाहिलं विचारतील. फोटो दाखवला की संपलं. लिहून दिलंय मी, विभा. सही आहे माझी. शाळेला कळवतील. चार वर्षं राहिलीत नोकरीची. केस केली तर?"

"आणि न्हाई सांगितलं तर?"

 विभाबाई उठल्या, आत गेल्या, सरांचा धुतलेला शर्ट आणून त्यांच्या मांडीवर टाकला. "मी काही म्हणायली न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मला आज जेवण जायचं न्हाई, एवढं सांगते."

शर्ट घालताना सरांना एक युक्ती सुचली. भित्र्या माणसांची डोकी अशीच चालतात बघा, सरळ वाट सोडून. फोटो न्यायचाच नाही. वाघीण न्यायची! छोटी वाघीण. तिच्यावर नंबर आहे, तडा जिथल्या तिथं आहे. ही दाखवायची आणि म्हणायचं, असा डबा मी फाटकावरून जाताना पाहिला. फोटोचं नावसुद्धा काढायचं नाही. चपलेच्या खोक्यात कापूस घालून त्यांनी ती ठेवली, खोकं पोटाशी धरलं आणि निघाले. वाटेत दोनदा परत फिरले. दुसऱ्यांदा तर घराच्या कोपऱ्यापर्यंत आले, विभाबाई दारातच उभ्या होत्या म्हणून पुन्हा वळले.

स्टेशन मास्तर वीरभद्रप्पा नवीनच बदलून आले होते, शहापूरकडचे, मराठी कानडीच्या चालीवर बोलणारे. माणूस मोकळा. सरांनी खोकं उघडलं आणि वीरभद्रप्पा खुर्चीतून उठलेच.

"अय्योऽ! हे काय करून ठेवलंय हो सर! खरंच तुम्ही केलं? बंडेप्पा, इकडं ये की रे, बघ हे!"

बंडेप्पा आला. त्यानं सरांकडं पाहिलं, वाघिणीकडं पाहिलं, आणि तीन वर्षांपूर्वीचं बाकडं त्याला आठवलं असणार, कारण तो एकदम चहा आणायला पळाला. वीरभद्रप्पांनी वाघीण तळहातावर घेतली, उलटी केली, चाकं फिरवली, मोबाइलवर बायकोला दाखवायला फोटो काढला. 

"साहेब, इथं बघा. ह्या चौकटीला तडा आहे."

"व्हय की! तडासुद्धा काढलाय! काय बारीक काम, आं? सोनारालासुद्धा जमायचं न्हाई."

"तसं न्हाई साहेब. खऱ्या डब्याला आहे. हाच नंबर."

"खऱ्यालासुद्धा असाच? हुबेहूब, हुबेहूब!"

काय म्हणावं ह्याला? सर तडा दाखवताहेत आणि समोरचा वाहवा करतोय. जन्मभर कुणी त्यांच्या कामाची एवढी तारीफ केली नव्हती आणि आज ती ऐकून त्यांना रडू यायला लागलं होतं. भिंतीवरचं घड्याळ अकरा पंचवीस दाखवत होतं. वीरभद्रप्पांनी वाघीण टेबलावर ठेवली आणि ती कितीला विकणार म्हणून विचारलं.

सरांनी खिशातून फोन काढला. स्क्रीनचं कुलूप तीनदा चुकलं. चौथ्यांदा उघडलं. तो फोटो उघडून त्यांनी फोन वीरभद्रप्पांच्या समोर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

वीरभद्रप्पांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हा कधीचा?" वीरभद्रप्पांनी विचारलं. आवाजातलं हसू गेलं होतं.

"नऊ तारखेचा. मालधक्क्यावर. मी आत शिरून काढला. मी पूर्वी लिहून दिलंय की काढणार न्हाई म्हणून. तरी काढला."

वीरभद्रप्पांनी त्या लिहून दिल्याबिल्याकडं लक्षच दिलं नाही. कॉम्प्युटरकडं वळून ते नंबर टाकायला लागले, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. सर छोट्या वाघिणीवरून आकडे वाचून दाखवत होते. स्क्रीनवर उत्तर आलं. वाघीण साडेतीनशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या यार्डात होती. सिमेंट भरलेलं. गाडी सुटायची वेळ बारा दहा.

आता साडेअकरा झाले होते. वीरभद्रप्पांनी गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल रूमला फोन लावला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते अर्धं कानडी, अर्धं हिंदी, सरांना नीट कळलं नाही, पण एक प्रश्न कळला. पलीकडचा विचारत होता: माहिती कोण देतंय? वीरभद्रप्पांनी फोनवर हात ठेवला.

"सर, नाव मागतायत. तोंडी कुणी तरी सांगितलं म्हटलं तर ते गाडी थांबवायचे न्हाईत. रोज दहा असे फोन येतात. पण नाव एकदा गेलं की गेलं बघा. मग मला मागं घेता यायचं न्हाई."

बंडेप्पा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. सरांना त्या क्षणी काय वाटलं ते त्यांनी नंतर सांगितलं, म्हणून मी सांगतो. त्यांना लघवीला लागली होती. बास. थोर विचारबिचार काही आले नाहीत. आपण आत्ता उठून बाहेर गेलो तर परत येणार नाही हे मात्र त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

"विजयेंद्र," ते म्हणाले. "चित्रकला शिक्षक. लिहा."

मग वाट बघणं आलं. बारा वाजले. बारा दहा झाले. गाडी थांबवली की सोडली, काही कळेना. दुसऱ्या रुळावरून एक पॅसेंजर आली, थांबली, गेली. खिडकीत एक बाई बाळाला केळं भरवत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं आणि लगेच मान वळवली. खरंच तडा नसला तर? नुसती सावली असली तर? भरलेली गाडी अडवून ठेवल्याचा जाब विचारायला येतील. आणि तडा असला आणि गाडी सुटून गेलेली असली तर?  बंडेप्पानं आणलेला चहा गार होऊन वर साय धरली. बंडेप्पा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं. ओळखतो म्हणून." सरांनी नुसता त्याच्या दंडाला हात लावला.

बारा वाजून पंचावन्न मिनिटं झाली तेव्हा फोन वाजला. वीरभद्रप्पा उभं राहून ऐकत होते. मग खाली बसले. बसून त्यांनी कपाळ पुसलं.

"काढला," ते म्हणाले. "गाडीतून काढून बाजूला केला डबा. तडा आहे, सर. तेलकट मळ चढला होता वरून, खरवडल्यावर दिसला. तुमच्या फोटोपेक्षा लांब आहे आता, आतून खालपर्यंत गेलाय. पुढच्या उतारावर..." ते थांबले. "जाऊ द्या. काढला."

सरांना वाटलं आता हायसं वाटेल. वाटलं नाही. 

"तिथला डब्यांचा तपासनीस तुमच्याशी बोलायचं म्हणतोय," वीरभद्रप्पा म्हणाले आणि पुन्हा फोनवर हात ठेवला. "ऐका सर. त्याला फोटो पायजे, तारखेसकट. पण डबा तर निघाला. तुमचं काम झालं. फोटो लेखी गेला की चौकशी होणार, तुम्हाला बोलावणार, ते जुनं लिहून दिलेलं वर येणार. मी म्हणतो, फोटो चुकून पुसला गेला म्हणून सांगा. मी काही बघितलं न्हाई."

किती सोपं होतं! सरांनी मान हलवलीसुद्धा. पुसला म्हणायचं आणि घरी जायचं. त्यांनी वीरभद्रप्पांच्या हातातला फोन घेऊन कानाला लावला.

"नमस्कार, मी धनराज," पलीकडून आवाज आला. पोरसवदा आवाज, पण थकलेला. आणि भाषा आपल्याच भागातली. "माझं गाव औरादकडं, सर. तुमच्या स्टेशनचं नाव ऐकलं म्हणून म्हटलं स्वतःच बोलावं. फोटो कुठल्या तारखेचा आहे?"

"नऊ."

"नक्की नऊच?"

"नऊ. बुधवार."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग अठरा दिवस काय करायले होतात, सर?"

रागानं विचारलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं. पण नोकरी, केस, जवान, बाकडं, सकाळपासून ज्याची ज्याची भीती वाटली होती ते सगळं एका बाजूला राहिलं, आणि आपण खरे कशाला भीत होतो ते सरांना कळलं. ह्याच प्रश्नाला.

"रंगवत होतो," ते म्हणाले. "मी छोटे डबे करतो. मला ते फार सुंदर दिसलं, म्हणून रंगवत होतो."

 मग धनराज हळू आवाजात म्हणाला, "तो डबा अकरा तारखेला माझ्या हाताखालून गेलाय, सर. मी हातोडा मारून बघितला, बॅटरी मारून बघितली, आणि पुढं जाऊ दिला. सही माझी आहे. मळाखाली मला दिसलं न्हाई."

 फोटो नऊचा. ह्याची सही अकराची. फोटो गेला की दोन दिवस आधीपासून तडा होता हे लेखी सिद्ध होणार, आणि ते ह्या पोराच्या गळ्याला लागणार.

"मग... मग न पाठवलेला बरा न्हाई का?" सर घाईघाईनं म्हणाले. "तुम्हालाही त्रास, मलाही. डबा तर निघाला."

"त्याच कारखान्यात त्याच महिन्यात ओतलेल्या चौकटी आणखी साठ डब्यांना आहेत, सर," धनराज म्हणाला. "आज तडा दिसला एवढंच लिहिलं तर म्हणतील एखादा निघतो असा. तुमच्या फोटोत केवढा होता आणि आज केवढा झाला, हे मोजून दाखवलं तर ते सगळे साठ उभे करतील." त्याचा आवाज जरा चिरकला. "मला बी भ्या वाटायलंय, सर. माझं लग्न ठरलंय आणि नोकरीला दोन वर्षंसुद्धा झाली न्हाईत. म्हणून म्हणतो, लवकर पाठवा. मी न्हाई म्हणायच्या आत पाठवा."

सरांनी वीरभद्रप्पांकडं पाहिलं. वीरभद्रप्पा खिडकीबाहेर बघत होते.

अंगठा मोबाइलच्या स्क्रीनवर टेकेना, घामानं घसरत होता. सरांनी तो शर्टाला पुसला आणि धनराजनं सांगितलेल्या नंबरावर चाळीसच्या चाळीस फोटो पाठवले.